केल्पच्या जंगलात अर्चिन कुठे बसलाय ते आधी बघा

पाण्याखाली गेलं की आधी ऐकू येतो तो आपलाच श्वास. मॉन्टेरेला मात्र थोड्या वेळाने त्यात दुसरा आवाज मिसळतो. टक-टक-टक-टक. जरा थांबतो, पुन्हा सुरू होतो. वरच्या मजल्यावर कोणी खलबत्त्यात वेलची कुटत असावं तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी इकडेतिकडे बघत राहिले. जोडीदाराने वर बोट दाखवलं. डोक्यावरच्या पानांच्या छतात एक सी ऑटर पाठीवर तरंगत होता. छातीवर दगड ठेवलेला, आणि दोन्ही पंजांत धरलेला शिंपला तो त्यावर आपटत होता.

सी ऑटर म्हणजे समुद्रात राहणारं पाणमांजर. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन होजेपासून गाडीने साधारण दीड तासावर मॉन्टेरेचा उपसागर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातली कितीतरी मराठी घरं पाहुणे आले की त्यांना तिथे नेतात. किनाऱ्यावरून दिसतो तो पाण्यावर पसरलेला तपकिरी, चकचकीत पानांचा थर. हे झालं केल्पच्या जंगलाचं छत. खरं जंगल त्याच्या खाली असतं. तिथे कोण कोण भेटतं आणि त्यांपैकी कोणाच्या जिवावर हे जंगल उभं आहे, ते सांगते.

आई इकडे आली होती तेव्हा तिला मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियममध्ये नेलं होतं. १९८४ साली सुरू झालेल्या या मत्स्यालयात २८ फूट उंच टाकीत खरंखुरं, जिवंत केल्प वाढवलेलं आहे. काचेसमोर बराच वेळ उभी राहून आईने विचारलं, "एवढं उंच वाढलंय, पण याची मुळं कुठायत गं?"

अगदी नेमका प्रश्न. केल्पला मुळं नसतात. मुळात ते झाडच नव्हे. केल्प हे तपकिरी शेवाळ आहे, आकाराने अवाढव्य. खालच्या खडकाला ते बोटांच्या गुंत्यासारख्या एका पकडीने घट्ट धरून असतं, पण त्या पकडीतून अन्न-पाणी शोषलं जात नाही. तिचं काम फक्त धरून ठेवणं. अन्नद्रव्यं सगळ्या अंगाने थेट समुद्राच्या पाण्यातून घेतली जातात. लाकूड नाही, त्यामुळे उभं राहायला दुसरी सोय लागते. प्रत्येक पानाच्या बुडाशी वायूने भरलेला एक छोटा फुगा असतो, नाशपतीच्या आकाराचा. जायंट केल्पच्या शास्त्रीय नावातल्या 'पायरिफेरा' या शब्दाचा अर्थच मुळी नाशपती धरणारं असा आहे. हे शेकडो फुगे मिळून शंभर फुटांहून लांब देठ वर उचलून धरतात. वाढीचा वेग तर असा की परिस्थिती चांगली असेल तर दिवसाला फूटभर, फारच चांगली असेल तर दोन फूट.

मालवण-तारकर्लीला डायव्हिंग केलेल्यांनी याचा एक धाकटा भाऊबंद पाहिलेला असेल. तिथल्या खडकांवर वाढणारं सरगॅसम हेही तपकिरी शेवाळच, आणि त्यालाही मिरीएवढे फुगे असतात. केल्प मात्र आपल्या समुद्रात नाही, कारण त्याला थंड पाणी लागतं. २० अंशांच्या वर पाणी जाऊन तिथेच राहिलं की ते खचायला लागतं. मॉन्टेरेचं पाणी वर्षभर साधारण १० ते १४ अंश. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वारे सुटतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला तळाचं थंडगार पाणी वर येतं आणि येताना नायट्रेटसारखी खतं घेऊन येतं. केल्पची भरभराट होते ती या खतावर. डायव्हरने मात्र ७ मिलिमीटरचा जाड वेटसूट नाहीतर ड्रायसूट घातल्याशिवाय उतरू नये.

आता वरून खाली जाऊ.

छतात सी ऑटर. सीलच्या कातडीखाली असतो तसा चरबीचा थर याला नसतो. थंडीपासून वाचवते ती फक्त फर, प्राण्यांच्या जगातली सर्वांत दाट. आपल्या अख्ख्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात; याच्या अंगावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत तेवढे किंवा त्याहून जास्त. तरी शरीर गरम ठेवायला पोटातली भट्टी सतत पेटती ठेवावी लागते. म्हणून तो रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा खातो. साठ किलोच्या माणसाने दिवसाला पंधरा किलो खावं, तसं. शिंपले, खेकडे, गोगलगायी, काटेरी अर्चिन, मिळेल ते. काखेत कातडीची सैल पिशवी असते, तिच्यात खाऊ आणि कधी कधी दगडही ठेवतो. झोपताना लाटेने वाहून जाऊ नये म्हणून केल्पची पट्टी अंगाभोवती गुंडाळून घेतो. दिसला तर लांबूनच बघा. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे, आणि ज्याला दिवसभर खावं लागतं त्याला एकदा दचकवून पळवणंही महागात पडतं.

छताच्या खाली आलं की उजेड बदलतो. पानांमधून ऊन तिरपं उतरतं आणि सगळं पाणी मधासारखं पिवळसर दिसतं. इथे घाई करू नये. एखादं पान हातावर घेऊन नीट पाहावं. त्यावर पांढरी, नाजूक क्रोशाची जाळी विणल्यासारखी दिसते. ती जाळी म्हणजे ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत, आणि तिच्या प्रत्येक खणात एकेक जीव राहतो. देठावरून टर्बन गोगलगायी सावकाश वर चढत असतात. आणि नशीब असेल तर मेलिबी दिसते. ही कवच नसलेली समुद्री गोगलगाय जवळजवळ पारदर्शक असते, पानाला चिकटलेली, आणि तोंडाच्या जागी एक मोठा झिरझिरीत घुमट. कोळी जाळं फेकतो तसा ती हा घुमट पुढे टाकते, कडा मिटवते आणि आत अडकलेले बारीक जीव गिळते. तिच्या अंगाला चक्क कलिंगडासारखा वास येतो. पाण्याखाली तो कळत नाही, पण हे ठाऊक असलं की तिच्याकडे बघताना वेगळीच मजा येते.

मधल्या पाण्यात मासे. निळे, काळे, ऑलिव्ह रंगाचे रॉकफिश देठांमध्ये जागच्या जागी लटकल्यासारखे थांबलेले असतात, सगळ्यांची तोंडं प्रवाह येतो त्या बाजूला. या कुळातल्या कॅलिफोर्नियातल्या जाती साठाच्या आसपास. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात, रॉकफिशची मादी मात्र जिवंत पिल्लांना जन्म देते. ती सुईएवढी पिल्लं काही महिने उघड्या समुद्रात वाहत राहतात आणि वाचली तर केल्पच्या छताखाली आसऱ्याला येतात. खोल पाण्यातल्या काही जाती शंभर वर्षांहून जास्त जगतात. भेटणारा प्रत्येक मासा काही एवढा म्हातारा नसतो, पण त्यांच्यातून पोहताना मला नेहमी जुन्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं.

सील आणि सी लायन यांत गल्लत होते, म्हणून खूण सांगून ठेवते. सी लायनला बाहेर आलेले छोटे कान असतात, तो जमिनीवर वल्ह्यांसारख्या पायांवर उभा राहून चालतो, आणि भुंकतो. हार्बर सीलला बाहेरून कान दिसत नाहीत, अंगावर ठिपके असतात आणि जमिनीवर तो अळीसारखा पोटावर सरकतो. पाण्याखाली सी लायन समोरून विजेसारखा वळसा घेऊन जातो. सील मात्र मागून येतो. एकदा माझं फिन, म्हणजे पायातलं वल्हं, कशात तरी अडकलं असं वाटलं. केल्पमध्ये अडकलं की गिरकी घ्यायची नाही, थांबायचं आणि देठ वाकवून काडीसारखा मोडायचा. ओढून तो तुटत नाही, वाकवला की पटकन तुटतो. त्यासाठी मागे वळले तर फिनचं टोक एका सीलच्या तोंडात होतं. मोठे काळेभोर डोळे, मिशा ताठ. आमची नजरानजर झाली, त्याने फिन सोडलं, हातभर मागे सरकला आणि पुन्हा हळूच धरलं.

तळाशी पोचलं की रंग सुरू होतात. स्ट्रॉबेरी अ‍ॅनिमोन नावाचे गुलाबी-लाल, बटणाएवढे जीव खडकांवर गालिच्यासारखे पसरलेले असतात. खडकाचाच तुकडा वाटावा असा कॅबेझॉन मासा आपल्या अंड्यांवर पहारा देत बसतो. ती अंडी विषारी असतात. काही खेकडे पाठीवरच्या आकडेदार केसांना शेवाळ आणि स्पंजाचे तुकडे चिकटवून घेतात, वेल्क्रोच्या पट्टीवर चिकटवावेत तसे, आणि मग हललेच तरच कळतात. वाळूच्या पट्ट्यात लेपर्ड शार्क फिरतो. कोकणातल्या बाजारात मुशी पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल: सडपातळ, चार-पाच फुटी, पाठीवर काळे पट्टे, माणसाला निरुपद्रवी. बॅट रे हे तिथलं पाकट, वाळूत पंख आपटून शिंपले उकरणारं.

आणि केल्पची ती पकड. आईने मूळ शोधलं होतं तिथे अख्खी चाळ नांदते. बोटांच्या गुंत्यात ब्रिटल स्टार, कृमी, चिमुकले खेकडे, शिंपले दाटीवाटीने राहतात. १८३४ साली डार्विनने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फुएगोला केल्पचे असे गुंते झटकून पाहिले होते आणि त्यांतून पडलेल्या प्राण्यांचा ढीग बघून तो थक्क झाला होता. या जंगलांची तुलना त्याने उष्ण कटिबंधातल्या जमिनीवरच्या जंगलांशी केली.

इथपर्यंतचे प्राणी बघायला छान आहेत. पण मी तळाशी गेले की आधी अर्चिन शोधते.

अर्चिन म्हणजे काट्यांचा चेंडू. इथे दोन जाती नेहमी दिसतात, मोठा लाल आणि लिंबाएवढा जांभळा. जवळून पाहिलं तर काट्यांच्या मधून शेकडो बारीक, लांब नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. प्रत्येकीच्या टोकाला चिकटणारी गादी असते. हे त्याचे पाय. या पायांनी तो चालतो, खडक धरतो आणि वाहत आलेला केल्पचा तुकडा पकडतो. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात एका गोल सांगाड्यात बसवलेले. दात झिजतात तसे वाढत राहतात, खडकही खरवडू शकतात.

जंगल बरं असतं तेव्हा अर्चिन फटीत बसतो. वरून सतत तुटकी पानं गळत असतात, ती घरबसल्या मिळतात, मग बाहेर कशाला पडायचं? बाहेर ऑटर आहे, मोठे तारामासे आहेत. पण गळणारी पानं कमी झाली, किंवा खाणारे शत्रू नाहीसे झाले, की अर्चिन फटीतून बाहेर येतात आणि उभ्या केल्पवर तुटून पडतात. ते पकडीपाशीच कुरतडतात. पकड सुटली की शंभर फुटांचं केल्प पाण्यावर मोकळं होऊन वाहून जातं. आंब्याचं झाड बुंध्यापाशी कापावं, तसं. मागे उरतो तो उघडा खडक आणि त्यावर पसरलेले काटेच काटे. याला अर्चिन बॅरन म्हणतात, अर्चिनने केलेलं माळरान.

हे सगळं ऑटरशी कसं जोडलेलं आहे हे माणसाला कळलं ते ऑटर जवळजवळ संपल्यावर. १७४१ नंतर रशियन आणि पुढे इतर व्यापारी त्याच्या फरसाठी उत्तर पॅसिफिकभर शिकार करत सुटले. जपानपासून मेक्सिकोपर्यंत दीड ते तीन लाख ऑटर असावेत असा अंदाज आहे. १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली तेव्हा एक-दोन हजारच उरले होते. कॅलिफोर्नियात तर ते संपलेच असं लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सरच्या किनाऱ्यावर, बिक्सबी पुलाजवळ, एक छोटा कळप लोकांच्या नजरेला पडला. आज कॅलिफोर्नियात सुमारे ३ हजार ऑटर आहेत, सगळे त्या पन्नासेक जिवांचे वंशज.

१९७० च्या दशकात जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर साधी तुलना केली. अमचिटका बेटापाशी ऑटर परत आले होते, शेम्या बेटापाशी नव्हते. अमचिटकाला पाण्याखाली दाट केल्प होतं. शेम्याला अर्चिनचे थर होते, केल्प जवळजवळ नाही. पाणी तेच, थंडी तीच. १९७४ साली हे प्रसिद्ध झालं आणि जो प्राणी केल्पचं एक पानही खात नाही त्याच्यावर केल्पचं जगणं अवलंबून असू शकतं हे लोकांना पटलं.

ऑटरबरोबर आणखी एक राखणदार होता. सनफ्लॉवर तारामासा, २४ पर्यंत हात, पसरला तर जवळजवळ मीटरभर रुंद, आणि तारामाशाच्या मानाने वेग भन्नाट: मिनिटाला मीटरभर. याचा नुसता स्पर्श झाला तरी अर्चिन पळ काढतात. २०१३ पासून एका रोगाने हे तारामासे अक्षरशः विरघळायला लागले. हात गळून पडायचे, काही दिवसांत पांढरा लगदा उरायचा. नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. कॅलिफोर्नियाच्या पाण्यात तो आता जवळजवळ दिसतच नाही. रोगाचं कारण तब्बल बारा वर्षांनी, २०२५ साली सापडलं: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू, कॉलरा करणाऱ्या जिवाणूच्या कुळातला. आता प्रयोगशाळांमध्ये या तारामाशांची पिल्लं वाढवली जात आहेत.

त्याच सुमाराला, २०१४ ते २०१६ या काळात, पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा खूप तापलं. गरम पाण्यात खत कमी, केल्प अशक्त. राखणदार तारामासा गेलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर ऑटर शिकारीनंतर परतलेलेच नाहीत. तिथे जांभळे अर्चिन काही भागांत पूर्वीच्या साठपट झाले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. केल्पवर जगणारे लाल अ‍ॅबलोनी, हाताच्या पंजाहून मोठे शंख असलेले, उपाशी मेले. २०१८ साली त्यांची मासेमारी बंद करावी लागली. किनाऱ्यावरच्या ज्या कुटुंबांत अ‍ॅबलोनी पकडायला जाणं हा दरवर्षीचा शिरस्ता होता, त्यांचा तो शिरस्ताच संपला.

अर्चिन मात्र उपाशी मरत नाहीत. खायला काही नसलं तर ते शरीराचं काम मंद करून वर्षानुवर्षं तसेच बसून राहतात, आतून पोकळ. जरा नवं केल्प उगवलं की खायला तयार. जपानी हॉटेलात 'उनी' म्हणून जे नारिंगी मांस देतात ती अर्चिनची जननग्रंथी. पोकळ अर्चिनमध्ये ती सुकलेली असते, म्हणून कोळीही त्यांना हात लावत नाहीत.

मॉन्टेरेला ऑटर होते, तरीही माळरानं तयार झाली. का? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं, आणि ते मला फार आवडतं. ऑटर पोकळ अर्चिन खातच नाहीत. ते उरल्यासुरल्या केल्पच्या तुकड्यांत जाऊन तिथले भरलेले अर्चिन फोडतात. म्हणजे माळरान ते परत हिरवं करत नाहीत, पण उरलेलं जंगल खाऊ देत नाहीत. त्या तुकड्यांमधूनच पुढे बीजाणू पसरतात. माळरानावर माणसांनीही हात लावून पाहिला: मॉन्टेरेच्या टँकर्स रीफवर २०२१ साली हौशी डायव्हरांना हातोड्याने अर्चिन फोडायची परवानगी देण्यात आली.

दक्षिण कॅलिफोर्नियात चित्र थोडं वेगळं. कॅटलिना बेटाच्या केल्पमध्ये ऑटर नाहीत. तिथे अर्चिन फोडायचं काम शीपहेड मासा आणि काटेरी लॉबस्टर करतात. शीपहेड जन्मतः मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो: डोकं आणि शेपूट काळं, मध्ये लाल, पांढरी हनुवटी, बाहेर आलेले दात. केशरी गॅरिबाल्डी तिथेच भेटतो, १९९५ पासून कॅलिफोर्नियाचा राज्य-सागरी मासा. नर आपल्या घरट्यासाठी लाल शेवाळाचा एक चौक राखतो आणि जवळ आलेल्या डायव्हरच्या काचेवर सरळ चाल करून येतो. स्वेल शार्क दिवसा कपारीत असतो; ओढायला गेलं तर पाणी गिळून फुगतो आणि तिथेच अडकून बसतो.

मागच्या शरद ऋतूत, पाणी स्वच्छ असताना, मॉन्टेरेला उतरले होते. छतातून टक-टक चालू होती. तळाशी एका खडकाच्या फटीत टॉर्च मारला. आत तीन जांभळे अर्चिन होते, एकमेकांना खेटून. वरून केल्पचं एक तुटकं पान डोलत खाली आलं, फटीच्या तोंडाशी अडकलं. सर्वांत पुढच्या अर्चिनच्या चार-पाच नळ्या लांब झाल्या, पानाच्या कडेला चिकटल्या आणि ते पान इंच-इंच आत जाऊ लागलं. टाकीतली हवा पन्नास बारवर, म्हणजे वर निघायच्या खुणेवर, येईपर्यंत मी तिथेच होते. एकही अर्चिन बाहेर आला नाही.